शिवणवर्गातील एक गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिवणवर्गाविषयी मी बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. यंत्रे किती, उत्तीर्ण किती, हा हिशेब अहवालात आहेच. जे अहवालात येत नाही तेवढे सांगते.

काही वर्षांपूर्वी वर्गात तिशी ओलांडलेली एक बाई आली. कपाशी वेचायला जाणारी, अबोल, हात मात्र चपळ. दोन महिने सगळे ठीक चालले. मग एके दिवशी शेजारणीच्या ब्लाउजचे कापड तिने मुंढ्यात इतके आखूड कापले की बाही बसेना. तिने ते पिशवीत लपवले. मला कळले तेव्हा पंधरा जणींदेखत मी म्हणाले, "डोळे कुठे होते तुझे?"

दुसऱ्या दिवसापासून ती येईना. चार दिवस मी वाट पाहिली. खरे सांगायचे तर तिची नव्हे, तिच्या माफीची. पाचव्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली आणि तिच्या घरी गेले. चहा झाला, कापसाचा भाव झाला, तेव्हा कुठे ती बोलली, "बाई, मले टेपवरचा पाव आन् अर्धा समजत नाही. जुनं ब्लाउज ठेवून मी कापत होती."

दोन महिने! आणि मला पत्ता नाही. वर्गात मी रोज विचारी, "समजले ना?" सगळ्या माना हलवीत. असे विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

शेजारणीकडे आम्ही दोघी मिळून गेलो. चूक वर्गाची, असे मी सांगितले. बगलेत जोड घालून ब्लाउज दिला. नंतर टेपवर पाव इंचाला लाल व अर्ध्याला निळी खूण केली, आणि पहिली कापणी सर्वांनी वर्तमानपत्रावरच करावी असा नियम घातला. "समजले ना" हा प्रश्न मी सोडला, आता म्हणते, "मला करून दाखव."

आपल्याकडे हे नवे नाही. १८९६ साली महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे काम आटोपून ते पायी तेथे शिकवायला जात. चिखलपाण्यातून आपल्यासाठी चालत येणाऱ्या माणसापाशी अडचण सांगायला कोणाला संकोच वाटेल? त्याच आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले तर वैधव्यानंतर मोठेपणी शिकल्या, पुढे आश्रमाचा कारभार त्यांनी सांभाळला, आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, संस्थेसाठी निधी जमवायला व इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम केले. इतकी वर्षे कारभारीण असून पुन्हा पाटी हातात घेतली! मला त्यांचे हेच अधिक वाटते. शिकणारीची भीती शिकवणारी फार लवकर विसरते. मी तर साफ विसरले होते.

ती बाई आता घरी शिवणकाम करते. गेल्या दिवाळीनंतर तिने पिकोचे यंत्र घेतले. मला ते येत नाही, म्हणून शनिवारी दुपारी मी तिच्याकडे शिकायला जाते. पहिल्या दिवशी साडीला हात लावताना माझा हात थरथरला, तेव्हा तिने साडी काढून घेतली आणि म्हणाली, "भिऊ नका बाई, आधी चिंधीवर करून पाहा."

त्या दुपारी माझा दोरा तीनदा तुटला. तिने तीनदा ओवून दिला.