पाइनच्या ओल्या माळावरील पिवळे फूल

श्रोतेहो, आज ज्या फुलाची ओळख करून द्यायची आहे ते आपल्याकडे उगवत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या वायव्य भागात, समुद्रापासून जवळच, पाइन वृक्षांचे ओलसर माळ आहेत. झाडे उंच पण विरळ. खाली गवत, आणि सखल जागी झिरपणारे पाणी. तेथील तीनच जिल्ह्यांत हे फूल रानात सापडते. हार्परोकॅलिस फ्लावा हे त्याचे शास्त्रीय नाव. त्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या रोलंड हार्पर यांच्या स्मरणार्थ ते ठेवले आहे. सिडनी मॅक्डॅनिएल यांना ते 1965 साली आढळले, आणि 1968 साली त्याचे रीतसर वर्णन झाले. इतके उशिरा का? फूल नसले की ते गवतात गवत होऊन राहते, हेच!

मग ओळखायचे कसे? एका दांड्यावर एकच फूल, सहा पिवळ्या पाकळ्या. पण एवढ्यावर भागत नाही. त्याच माळांवर हायपॉक्सिस नावाचे दुसरे सहा पाकळ्यांचे पिवळे फूल असते. ते आपल्या काळ्या मुसळीच्या कुळातले. गुरुजी, पहिल्या पावसानंतर मुलांना काळी मुसळी जरूर दाखवा. तिचे बीजकोश पाकळ्यांच्या खाली, जवळजवळ मातीतच दडलेले असते, आणि पाकळ्यांना बाहेरून लव असते. हायपॉक्सिसचेही बीजकोश पाकळ्यांखालीच. हार्परच्या फुलात मात्र ते पाकळ्यांच्या वर, मधोमध उभे दिसते. पुढे फळ धरते तेव्हा पाकळ्या गळत नाहीत, हिरव्या होऊन तशाच राहतात. पानांची ठेवण पाहावी तर ती आपल्या वेखंडासारखी. चपटी, एकमेकांत बसवलेली. पण त्याच्या पांढऱ्या फुलांच्या भाऊबंदांचीही पाने अशीच, तेव्हा नुसत्या पानावर हवाला ठेवू नये.

या वनस्पतीला ऊन हवे. माळाला मधूनमधून आग लागली नाही तर झुडपे माजतात आणि ती सावलीत गुदमरते. म्हणून तेथील वनखाते ठरवून माळ जाळते. ऐकायला विपरीत वाटेल, पण तसे आहे खरे. 1979 पासून तिला कायद्याचे संरक्षणही आहे.

ती रस्त्याच्या कडेलाही उगवते, कारण तिथले गवत कापून जागा मोकळी ठेवलेली असते. मात्र ऐन बहरात, एप्रिल-मे महिन्यांत, कापणी झाली तर बी धरायच्या आतच फूल जाते. तेव्हा गवत कापणाऱ्यालाही ही ओळख पाहिजे, नुसत्या वनस्पतिशास्त्रज्ञाला असून भागत नाही.