सेवारंभापूर्वीचे शिक्षण
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या विषयाला निमित्त झाली आहे ती आपल्याच ज्ञातीतील एक कन्या. तिचा जन्म आणि शिक्षण अमेरिकेत झाले. आजीआजोबा मात्र येथे आपल्यातच आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर तिने नोकरी धरली नाही. ‘पीस कोअर’ या अमेरिकन सेवासंघटनेत नाव घालून ती पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात शिक्षिका म्हणून गेली. तेथील शिक्षणक्रम पुरा करून तिने नुकतीच सेवेची शपथ घेतली. ही वार्ता कानी येताच आपल्या घराघरांतून दोन प्रश्न विचारले गेले. पदवीधर मुलीला पुन्हा तीन महिने शिकवायचे ते काय? आणि विनावेतन सेवाच करावयाची, तर तिला परीक्षा कशाला? प्रश्न आपुलकीतून आलेले आहेत, म्हणूनच त्यांचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

प्रथम या संघटनेची थोडी माहिती देतो. 1 मार्च 1961 रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एका आदेशान्वये तिची स्थापना केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. स्वयंसेवक अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. तो दोन वर्षे परदेशी राहतो. त्याला वेतन नसते, तेथील सामान्य माणसासारखे राहता यावे एवढा निर्वाहभत्ता मात्र मिळतो. पहिल्या तुकड्यांपैकी एक ऑगस्ट 1961 मध्ये घानातच उतरली. ही माध्यमिक शिक्षकांची तुकडी होती. तिचे शिक्षण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात झाले होते. आक्रा येथील विमानतळावर या तरुणांनी तेथील ट्वी भाषेत गीत गाऊन यजमानांना वंदन केले. पाहुणा आपली भाषा शिकून आला आहे, हे पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही?

याच्या उलट प्रसंगही त्याच वर्षी घडला. ऑक्टोबर 1961 मध्ये नायजेरियातील इबादान येथे शिक्षण घेत असलेल्या एका उमेदवार तरुणीने मायदेशी धाडण्यासाठी एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात तेथील राहणीचे हिणकस वर्णन होते. ते कार्ड वाटेत पडले आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हाती लागले. मोठा क्षोभ उसळला, निषेधसभा झाल्या, आणि त्या तरुणीस परत जावे लागले. तिच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. परंतु दुसऱ्याच्या घराकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे पदवीच्या अभ्यासात कोणी शिकवीत नाही. विषयाचे ज्ञान पदवी देईल. नजर आणि जीभ मात्र स्वतंत्रपणेच घडवाव्या लागतात. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर त्या शिक्षणक्रमाच्या स्वरूपात आहे. आरंभीच्या काळात हे शिक्षण बहुतांशी अमेरिकेतील विद्यापीठांत दिले जाई. पुढे अनुभवाअंती ते ज्या देशात सेवा करावयाची त्याच देशात देऊ लागले. साधारण तीन महिने उमेदवार एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतो. वर्गात भाषा शिकावयाची, आणि सायंकाळी त्याच भाषेत घरच्या माणसांकडे पाणी मागावयाचे. बादलीभर पाण्यात स्नान, हाताने कपडे धुणे, हिवतापापासून स्वतःला जपणे, हे सारे त्यात येते. शेवटी भाषेची तोंडी परीक्षा होते. परीक्षा आणि शपथ होईपर्यंत त्याला ‘उमेदवार’ म्हणतात. शपथ घेतल्यावरच ‘स्वयंसेवक’ ही पदवी मिळते. आपल्याकडे ब्रह्मचर्याश्रम संपून गृहस्थाश्रमात पाऊल टाकताना समावर्तनाचा संस्कार असे, तद्वतच हा संस्कार समजावा.

आपली ही कन्या आजीला लिहिते, की तेथे डाव्या हाताने वस्तू देणे असभ्य मानतात, आणि मोठ्या माणसाला आधी अभिवादन केल्यावाचून कामाचे बोलणे काढीत नाहीत. आजीने पत्र वाचून म्हटले, “मग हे तर आमच्याच घरचे वळण!” तेथील अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल आहे, शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव झालेले कोफी अन्नान यांची नावे अशीच पडली. शनिवारी जन्मलेल्या मुलीस आमा म्हणतात. आपली कन्या शनिवारची. म्हणून यजमानीणबाईंनी तिला आमा हे नाव दिले. ज्या घरी आपले नामकरण होते, ते घर परके राहत नाही.

आता दुसरा प्रश्न. विनावेतन काम करणाऱ्याची परीक्षा का घ्यावी? माझे उत्तर असे, की वेतन न घेणाऱ्याचीच परीक्षा अधिक कसोशीने घ्यावी. पगारी नोकराचे काम वाईट झाले तर धनी त्याला जाब विचारतो. स्वयंसेवकाला जाब विचारण्याचा संकोच वाटतो. “बिचारा फुकट करतो आहे” असे म्हणून लोक गप्प बसतात, आणि नुकसान मात्र वर्गातील मुलांचे होते. सेवा करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे सेवा घेणाऱ्याचे हित साधलेच असे होत नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्राजवळ दोन उदाहरणे आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. वैद्यकी ते मुंबईत शिकले होते. पण चिनी भाषा त्यांनी तेथे जाऊन परिश्रमाने आत्मसात केली, आणि रुग्ण व विद्यार्थी यांच्याशी ते त्यांच्याच भाषेत बोलू लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. चिनी जनतेने त्यांना आपले मानले, त्यात त्यांच्या शस्त्रक्रियांइतकाच त्या भाषेचाही वाटा असला पाहिजे. दुसरे उदाहरण आपल्याकडे आलेल्या बाईंचे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर 1966 ते 1968 या काळात मुंबईनजीक विक्रोळी येथे याच संघटनेच्या परिचारिका म्हणून राबल्या. वय अडुसष्ट, परिचर्येचा अनुभव दांडगा. तरीही उमेदवारीचे शिक्षण त्यांना चुकले नाही, आणि त्यांनी ते चुकविण्याचा यत्नही केला नाही.

मंडळी, हे सारे मी सांगतो आहे त्याला एक कारण आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपले तरुण खेड्यांतील शाळांत शिकविण्यास धाडावे, असा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. ठराव स्तुत्य आहे. मात्र त्यास मी एक उपसूचना जोडू इच्छितो. निघण्यापूर्वी प्रत्येकाने दोन आठवडे त्याच गावच्या शिक्षकांच्या हाताखाली, त्याच गावातील एखाद्या घरी राहून उमेदवारी करावी. आणि तो योग्य आहे की नाही हे त्या शिक्षकांनी ठरवावे, आपण नव्हे. यात काही तरुण गळतील. त्यांच्या मातापित्यांनी तो अपमान मानू नये. कामास आरंभ करण्यापूर्वी मागे फिरलेला माणूस मुलांचे वर्ष वाया घालविणाऱ्यापेक्षा शतपटीने बरा.

राहता राहिली आजीची काळजी. नात दूर आहे, एकटी आहे, ही रुखरुख कोणत्याही भाषणाने जाणार नाही. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: आपली नात घरातून निघाली ती थेट परक्या शाळेत नव्हे, तर आधी एका दुसऱ्या आईच्या स्वयंपाकघरात गेली. तेथे ती पाणी मागायला, नमस्कार करायला, चुकल्यास पुन्हा विचारायला शिकली, आणि मगच फळ्यासमोर उभी राहिली. असे शिकून गेलेल्या मुलीची चिंता थोडी कमी करण्यास हरकत नाही.

उपसूचनेला आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.