परक्या अंड्याची ओळख

मृगाच्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यांत, राजूरच्या आसपास पावश्याचा ‘पेरते व्हा’ हा सूर कानीं पडूं लागला, कीं शेतकऱ्याची दृष्टि आभाळाकडे वळते. आमराईंत कोकिळाचें कूजनही चालूंच असतें. परंतु हे दोन्ही पक्षी स्वतःचें घरटें बांधीत नाहींत. कोकिळा आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत घालते, पावश्याची मादी सातभाईंच्या घरट्यांत. कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला, हें नांव संस्कृत भाषेनें पूर्वींच देऊन ठेविलें आहे.

मग सहजच प्रश्न उद्भवतो, कीं कावळ्यासारखा चतुर पक्षी फसतो कसा?

त्याचें एक कारण अंड्याच्या रंगांत आहे. कावळ्याचें अंडें निळसर हिरवें व तपकिरी ठिपक्यांचें. कोकिळेचें आकारानें लहान, पण रंगानें पुष्कळसें तसेंच. सातभाईंचीं अंडीं निळीं, तशींच पावश्याचींही निळीं.

पण कित्येक पक्षी परकें अंडें ओळखून बाहेर टाकतात. तें त्यांना कसें उमगतें? रेन्श या जर्मन शास्त्रज्ञानें १९२५ सालीं एका लहान गाणाऱ्या पक्ष्याचीं पहिलीं तीन अंडीं काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या जातीचीं ठेविलीं. पक्षिणीनें चौथें अंडें घातलें, आणि तें स्वतःचें अंडेंच परकें समजून टाकून दिलें! यावरून असा तर्क निघाला, कीं बहुसंख्य अंड्यांहून जें वेगळें दिसेल तें पक्षी टाकतो. पुढें अमेरिकेंतील रॉथस्टीन यानें १९७५ सालीं दाखविलें, कीं कांहीं जातींचे पक्षी घरट्यांत परकीं अंडीं अधिक असलीं तरी तींच वेंचून काढतात व आपलें एकटें अंडें राखतात. अर्थात् त्यांना आपल्या अंड्याची खरी ओळख असते.

तरीही सर्वच पक्षी परकें अंडें कां टाकीत नाहींत? कारण टाकण्यांतही धोका आहे. लहान चोंचीच्या पक्ष्याला मोठें अंडें उचलवत नाहीं. तें फोडावें, तर या परपुष्ट पक्ष्यांच्या अंड्यांचें कवच बहुधा जाड असतें. चोंच निसटली कीं आपलेंच अंडें फुटावयाचें. शिवाय ओळखण्यांत चूक झाली, तर स्वतःचाच वंश हातचा जातो. चातकाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. हिंदुस्थानांत तो सातभाईंच्या घरट्यांत निळें अंडें घालतो. दक्षिण आफ्रिकेंत मात्र बुलबुलाच्या ठिपकेदार अंड्यांत पांढरेंशुभ्र अंडें ठेवतो, आणि फरक ढळढळीत असूनही बुलबुल तें उबवितो.

कावळाही बहुधा उबवितोच. कोकिळाचें पिलूं कावळ्याच्या पिलांच्या आधीं अंड्यांतून बाहेर येतें आणि घांसावर पहिला हक्क सांगतें. घरटें सोडल्यावरही तें आ वासून मागत राहतें, व कावळा त्याला भरवीत राहतो.

हें दृश्य पाहण्यास रानांत जावें लागत नाहीं. पावसाळ्याच्या प्रारंभीं अंगणांतील झाडावर, कावळ्यापुढें पंख थरथरवीत बसलेलें काळसर पिलूं दिसलें, तर त्याचा आवाज नीट ऐकावा. तो कावळ्याचा नसेल, तर कावळ्याला जें शेवटपर्यंत उमगलें नाहीं, तें पाहणाऱ्याला उमगेल. मात्र घरट्यास हात लावूं नये. दुरून पाहणें पुरेसें आहे.