गल्ल्यावरची मांजर

तुर्भ्यात एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर हात हलवणारी सोनेरी मांजर बघितलीच असेल. ती 'बाय' करत नाहीये, बोलावतेय. तळवा समोर, बोटं खाली... आपणही लांबून 'इकडे ये' असंच करतो की! नाव मानेकी-नेको, म्हणजे बोलावणारी मांजर.

गल्ल्यावरची बहुतेक प्लास्टिकची, सोलरवाली. जपानात सेतोला मात्र पोर्सिलेनची बनते. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, कडेने थर धरतो, उरलेली माती ओतून काढतात. म्हणून ती आतून पोकळ. मग भट्टी, आणि डोळे-मिशा ब्रशने, हाताने रंगवायच्या. डावा पंजा वर असेल तर गिऱ्हाईक, उजवा असेल तर पैसा, असा साधारण समज.

मला आवडते ती काळी. तिकडे ती इडापिडा टाळते. इकडे आडवी गेली की आपण बाइक थांबवतो. एपीएमसीत धान्याच्या गाळ्यांपाशी उंदीर मारणारी खरी काळी मांजर अपशकुनी, आणि प्लास्टिकवालीला अगरबत्ती? हे काही पटत नाही बुवा.

ऑफिसच्या डेस्कवर मी काळीच ठेवणार, उजवा पंजा वर. अप्रेझल जवळ आलंय!