रजिस्टर मॅप कोणाच्या ताब्यात?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वीज आणि पाणीपुरवठा खात्यांतून आलेले अभियंते, पॅनेल बांधणारे, पीएलसीचे प्रोग्रॅम लिहिणारे आणि रात्रपाळी संपवून थेट सभागृहात आलेले सबस्टेशनचे ऑपरेटर बंधू-भगिनी, स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचे नाशिकमध्ये मनापासून स्वागत!

औद्योगिक नियंत्रणाच्या खुल्या प्रोटोकॉलवरची परिषद या शहरात भरते आहे, याचा मला फार आनंद आहे. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र इथून जवळ. सातपूर-अंबडला स्विचगिअर बनतात. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहराची तहान भागते, आणि सिंहस्थ आला की पंपांवर, टाक्यांवर, फीडरवर किती ताण येतो हे इथल्या ऑपरेटरना वेगळे सांगायला नको. अशा वेळी नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला सगळी यंत्रे एका पडद्यावर दिसली पाहिजेत, मग ती कोणत्याही कंपनीची असोत.

ते शक्य झाले काही कंपन्यांच्या उदारपणामुळे. मॉडिकॉनने १९७९ मध्ये मॉडबस प्रसिद्ध केला. कॅनडात कॅल्गरीच्या वेस्ट्रॉनिकने घडवलेला डीएनपी३ १९९३ मध्ये वापरकर्त्यांच्या गटाकडे सोपवला गेला. लाइन तुटली तरी मधल्या घटना वेळेसकट जपून ठेवायच्या आणि संपर्क आला की कळवायच्या, ही त्याची सोय दूरच्या सबस्टेशनसाठी मोलाची आहे.

पण प्रोटोकॉल खुला आहे म्हणून यंत्रणाही खुली झाली, असे मी मानत नाही. मॉडबस सांगतो रजिस्टर कसे वाचायचे. त्या रजिस्टरमध्ये व्होल्टेज आहे की तापमान, हे सांगत नाही. ३२ बिटांचा आकडा १६-१६ बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागला जातो, आणि त्यांतले आधीचे कोणते हेही उत्पादकच ठरवतो. क्रम उलटा धरला की २३० व्होल्टच्या जागी जवळपास शून्य दिसते. म्हणजे खरी किल्ली आहे कोणत्या रजिस्टरमध्ये काय आहे ते सांगणाऱ्या रजिस्टर मॅपमध्ये. तो पुरवठादाराच्याच कपाटात राहिला, तर एक मीटर बदलायलाही त्याच्याच दारात जावे लागते. टेंडरमध्ये ‘मॉडबस सुसंगत’ एवढे दोन शब्द लिहून आपण निर्धास्त होतो, ही चाल आता मोडायला हवी.

वीजमीटरच्या बाबतीत आपल्या देशाने याहून शहाणी वाट धरली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५९५९ हे डीएलएमएस-कोसेमवर आधारलेले आहे. त्यात प्रत्येक मोजमापाला ठरलेला संकेतांक असतो. १.०.१.८.०.२५५ म्हटले की ग्राहकाने घेतलेली एकूण सक्रिय ऊर्जा, मीटर कोणाचाही असो. अर्थच मानकात बांधला गेला. पंप, व्हॉल्व्ह, फ्लोमीटर यांच्यासाठीही आपण असाच आग्रह धरला पाहिजे.

खुलेपणाने सुरक्षा धोक्यात येते, अशी शंका इथे नक्की निघेल, आणि ती गंभीर आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कीव्हच्या वीजयंत्रणेवर हल्ला करणाऱ्या इंडस्ट्रॉयर या घातक सॉफ्टवेअरला आयईसी १०४ आणि ६१८५० हे दोन्ही खुले प्रोटोकॉल येत होते. मूळ मॉडबसमध्ये आदेश कोणाकडून आला हे तपासायची सोयच नाही. पण तपशील दडवून ठेवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. आयईसी ६२३५१ किंवा डीएनपी३ची सुरक्षित प्रमाणीकरण पद्धत दहा जणांनी उघडपणे तपासली आहे, म्हणून मला तिचा भरवसा वाटतो. जुन्या यंत्रांवर ती बसत नसेल, तर त्यांचे नेटवर्क आधी वेगळे करा.

परिषदेचा ठराव लिहिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या टेंडरमध्ये संपूर्ण रजिस्टर मॅप, पॉइंट लिस्ट आणि पीएलसीच्या प्रोग्रॅमची मूळ प्रत खरेदीदाराच्या मालकीची राहील, आणि ती हाती आल्याशिवाय शेवटचे बिल निघणार नाही, असे कलम असावे. मसुदा समितीला लागणारी टेंडरांची भाषा तपासायला इथले अनुभवी ठेकेदार आणि अभियंते दोन्ही दिवस हजर आहेत. त्यांना जरूर बोलावून घ्या.

आता मी अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.