नाव आणि त्याची किंमत



नोकरीच्या किंवा कामाच्या शोधात असलेल्या तरुणांना हल्ली सगळेच सांगतात, आधी स्वतःचा ब्रँड तयार करा. फोटो कसा असावा, चार ओळींत ओळख कशी लिहावी, याचे वर्गसुद्धा चालतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्याकडे काम कसं येणार? मात्र नाव म्हणजे काय, हे मला एका नटाकडून समजलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नव्हतं. लहानग्या नारायणाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ते दिलं, असं सांगतात. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि 1913 मध्ये गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस यांच्या साथीनं त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता कंपनीच त्यांच्या नावावर उभी होती. ते स्त्रीभूमिका करत, आणि त्यासाठी रंगमंचावर शालू, पैठण्या, अत्तरं, सगळं उंची लागे. त्या भूमिकांमधलं नेसणं, केसांत गजरा माळण्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलत होत्या. एखाद्या नटाची छाप घराघरांत पोचावी ती याहून किती?

पण मला ते सर्वांत मोठे वाटतात ते पुढच्या प्रसंगात. 1919 मध्ये नाटककार राम गणेश गडकरी यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. नाटकातली सिंधू दारुड्या नवऱ्याच्या घरी दळण दळून दिवस काढणारी. ज्यांना पाहायचं ते भरजरी वस्त्रांतच, अशी सवय झालेल्या प्रेक्षकांपुढे बालगंधर्व विरलेल्या लुगड्यात उभे राहिले. ज्या थाटानं नाव झालं तो थाट भूमिकेसाठी त्यांनी खुशाल उतरवून ठेवला, आणि प्रेक्षक सिंधूसाठी रडले. लोक काय पाहायला येत होते, ते त्या लुगड्यानं सिद्ध केलं. पैठणी ही खूण होती. नाव त्या गळ्याचं आणि भूमिकेत विरघळून जाण्याचं होतं. आपली खूण कोणती आणि आपलं काम कोणतं, हा फरक ज्याला कळतो त्याला वेश बदलायची भीती वाटत नाही.

बालगंधर्वांना प्रतिस्पर्ध्याचीही भीती वाटली नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान' नाटकाचा प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी. ललितकलादर्श नाटक मंडळीचे केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. दोघांचेही चाहते कट्टर, आणि तरी दोघं एका मंचावर गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

हिशेबाची बाजू मात्र कच्ची होती. कंपनीवर प्रचंड कर्ज झालं. दिवाळं काढून मोकळं होण्याचा मार्ग होता. तो त्यांनी नाकारला आणि प्रयोग करकरून देणी फेडली. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत. मायबापांपुढे फिक्या पोशाखात, अपुऱ्या साथीत जायचं त्यांच्या मनाला पटत नसे, आणि कर्ज वाढायला तेही एक कारण झालं. मला त्यांची ही ओढ समजते. पण आज स्वतःच्या नावावर धंदा उभारणाऱ्या मुलामुलींना मी एवढं जरूर सांगेन, की कलेचं वेड तुमचं असू द्या आणि वही एखाद्या चोख माणसाच्या हाती द्या.

मायबाप प्रेक्षक समोर नसले की त्यांचं चालत नसे, हेही पुढे दिसलं. 1935 मध्ये ते प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात संत एकनाथ झाले, पुरुषवेषात. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, चित्रपटही चांगला. पण तिथे कॅमेऱ्यापुढे प्रेक्षक नव्हते. समोरच्या माणसाच्या दादेवर पद फुलवत नेणाऱ्या गायकाला ते मानवलं नाही, आणि बालगंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले.