शिकवणीची फी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"शिक्षकी पेशातील नीती" हा विषय तुम्ही मला दिलात. विषय भारदस्त खरा. पण आम्हां शिक्षिकांपुढे नीती येते ती बहुधा दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या आईच्या रूपाने. "बाई, आमच्या बंड्याची तेवढी शिकवणी घ्या ना. फी काय असेल ती देऊ."

यात वाईट ते काय, असे तुम्ही म्हणाल. आईला मुलाची काळजी आहे, बाईंना शिकवता येते, आणि पैशाची गरज कोणाला नाही? पण दुसऱ्या दिवशी त्याच बाई वर्गात उभ्या राहतात, तेव्हा बाकीच्या मुलांना काय वाटत असेल? मुलांची नजर मोठी तीक्ष्ण! बंड्याचे उत्तर चुकल्यावर बाई नुसत्या हसल्या, एवढेही त्यांना पुरते. शिवाय दहावीला बऱ्याच विषयांत १०० पैकी २० गुण शाळेनेच द्यायचे असतात. फी घेणारा हात आणि गुण देणारा हात एकच असला, तर बाई कितीही सचोटीच्या असोत, त्यांच्या गुणांवर विश्वास कोण ठेवील?

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. हे पुष्कळांना ठाऊक असते. २४ वे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक मुलाची कुवत पाहावी आणि जरूर तर त्याला जादा शिकवावे, हे त्यात शिक्षकाचे कर्तव्यच म्हणून सांगितले आहे. मग मागे पडलेल्या मुलाला शिकवण्याची वेगळी फी कसली?

आता दुसरी बाजूही बोलते. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या बाईला नीतीचे पाठ द्यायला सगळे पुढे. तिचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, हे पालकसभेत विचारणारे किती? स्नेहसंमेलनाच्या खर्चाची चौकशी आपण करतो, तशी हीही करावी.

मी स्वतः अशा आईला सांगते, "फी नको. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला अर्धा तास थांबू दे. ज्यांचा भागाकार कच्चा आहे अशी आणखी चौघे थांबतात." काही आया यावर खट्टू होतात. त्यांना शिकवणी हवी असते ती आपल्या एकट्याच्या मुलाला! त्यांची समजूत घालणे भागाकार शिकवण्याहून कठीण जाते.

पण शाळेत अर्ध्या तासाच्या पुढे शिपाई थांबत नाही. म्हणून मंडळाला एक विनंती. आपले हे सभागृह शनिवारी दुपारी रिकामेच असते. पाचसहा सतरंज्या आणि एक फळा मिळाला, तर आम्ही दोघीतिघी आळीपाळीने येऊ. किल्ली कोणाकडे मागायची, तेवढे चिटणीसबाईंनी सांगावे.